बाबांच्या वतीने कोण बोलणार?

ज्येष्ठ नागरिक संघाच्या वर्गाला मी गेले ती बेडसोरसाठी, म्हणजे अंथरुणावर पडून राहिल्याने होणाऱ्या जखमांसाठी. बाबांचं खुब्याचं हाड मोडून ऑपरेशन झालं होतं, माकडहाडापाशी लाल चट्टा दिसायला लागला होता आणि ब्युरोकडून आलेल्या मावशी त्यावर रोज निष्ठेने पावडर थापून चोळत होत्या. त्याच सुमारास संघाने शनिवारी दुपारी ‘घरी रुग्ण सांभाळताना’ असा वर्ग सुरू केला. पत्रकाच्या तळाशी बारीक अक्षरात ‘आयुष्याच्या अखेरचे निर्णय’ असाही विषय होता. तो भाग आपल्यासाठी नाही, असं मी आणि वहिनीने परस्पर ठरवून टाकलं. बाबा वॉकर धरून पुन्हा चालायला लागतील असं सर्जनने सांगितलंच होतं, आणि तसे ते पुढे लागलेही.

शिकवायला एक निवृत्त परिचारिका होत्या. त्यांना सगळे सिस्टरच म्हणायचे. त्यांनी आमचा पावडरचा उपचार तिथल्या तिथे मोडीत काढला. लाल झालेली जागा चोळायची नाही, चोळल्याने आतल्या पेशींना आणखी इजा होते. आधी बोटाने दाबून बघायचं. बोट उचलल्यावर लाली क्षणभर फिकी होऊन परत आली तर अजून वेळ आहे. दाबूनही लाल ते लालच राहिलं, तर आत जखम सुरू झाली. सावळ्या कातडीवर लाली नीट दिसत नाही, म्हणून हात लावून बघायचं, जागा आजूबाजूपेक्षा गरम किंवा टणक लागते का. इलाज एकच, त्या जागेवरचा दाब काढणे. दर दोन तासांनी कूस बदलायची, पाठीमागे उशी लावून शरीर थोडं तिरकं ठेवायचं, टाचा गादीला टेकू द्यायच्या नाहीत. आणि सरकवताना माणसाला ओढायचं नाही, खालच्या चादरीसकट दोघींनी उचलायचं. एअर बेड आणला म्हणजे कूस बदलायला नको, हा समज त्यांनी जवळजवळ दटावूनच काढून टाकला.

मग त्यांनी पहिल्या रांगेतल्या एका आजोबांना टेबलावर उताणं झोपवलं आणि शेजारच्या काकूंना सांगितलं, यांना पाणी पाजा. काकूंनी पेला ओठाला लावला, आजोबांना ठसका लागला, शर्ट भिजला, हॉल हसला. सिस्टर हसल्या नाहीत. “घरोघरी असंच पाजतात. घशात गेलेलं पाणी फुप्फुसात उतरतं आणि न्यूमोनिया होतो. मग तुम्ही म्हणता, काही नव्हतं हो, अचानक झालं.” पाठ सरळ करून बसवायचं, हनुवटी किंचित छातीकडे, लहान घोट, आणि खाणं झाल्यावर अर्धा तास आडवं होऊ द्यायचं नाही. मी हे वहीत उतरवून घेतलं. माझ्या मते त्या वर्गातलं सगळ्यात मोलाचं शिक्षण हेच होतं, आणि ते कुठल्याही डिस्चार्ज कार्डावर मला वाचायला मिळालेलं नाही.

शेवटच्या विषयाच्या शनिवारी मी गेले, कारण तोपर्यंत सिस्टरांवर विश्वास बसला होता. त्या दिवशी पॅलिएटिव्ह केअरमधले, म्हणजे बरं न होणाऱ्या आजारात त्रास कमी करणाऱ्या उपचारांतले, एक डॉक्टर आले होते. त्यांनी स्लाइड दाखवल्या नाहीत. “तुम्हाला कशाची भीती वाटते?” असं विचारून ते गप्प बसले. पहिला हात वर आला तो एका निवृत्त शिक्षकांचा. “शेवटी उपचार नकोत, अशा त्या कागदावर सही केली की इंजेक्शन देऊन मारतात का?”

नाही. तसं इंजेक्शन देणं आपल्याकडे आजही गुन्हा आहे. बरं होण्याची आशा संपलेली असताना केवळ श्वास लांबवणारे उपचार सुरू न करणं किंवा थांबवणं, एवढ्यालाच परवानगी आहे. आपल्या पिढीला यातलं एकच नाव माहीत असतं, केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग. १९७३ साली त्यांच्यावर हल्ला झाला आणि पुढची बेचाळीस वर्षं त्या त्याच रुग्णालयात पडून होत्या. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना मरण येऊ देण्याची मागणी नाकारली, पण काही अटींवर उपचार थांबवण्याचा रस्ता त्याच निकालाने उघडला. २०१५ मध्ये त्या न्यूमोनियाने गेल्या. पुढे ९ मार्च २०१८ रोजी ‘कॉमन कॉज’ खटल्यात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सन्मानाने मरण येणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला आणि लिव्हिंग विलला, म्हणजे अखेरच्या उपचारांबद्दल आधीच लिहून ठेवलेल्या सूचनांना, मान्यता दिली. मात्र तेव्हाची पद्धत इतकी किचकट होती की ती कागदावरच राहिली. प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी लागायची आणि उपचार थांबवायचे का हे ठरवणाऱ्या मंडळावरच्या डॉक्टरांना वीस वर्षांचा अनुभव हवा होता. अतिदक्षता विभागातल्या डॉक्टरांच्या संघटनेने पुन्हा न्यायालयात जाऊन हे सोपं करून मागितलं आणि २४ जानेवारी २०२३ रोजी ते झालं. आता दोन साक्षीदार, आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतात.

दुसरी भीती मॉर्फिनची, म्हणजे तीव्र वेदनांवरच्या औषधाची निघाली. मॉर्फिन दिलं म्हणजे माणूस संपला, असं बहुतेकांना वाटत होतं. डॉक्टरांचे कितीतरी पेशंट मॉर्फिनच्या गोळ्या घेत घरात हिंडतात-फिरतात, कारण वेदना ताब्यात असते. २०१४ मध्ये अमली पदार्थांच्या कायद्यात दुरुस्ती होईपर्यंत ही गोळी ठेवायलाच रुग्णालयांना परवान्यांची चळत लागायची, त्यामुळे डॉक्टरांच्या एका अख्ख्या पिढीला ती वापरायची सवयच राहिली नाही. केरळात मात्र शेजारीपाजारी स्वयंसेवक प्रशिक्षण घेऊन अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी जातात, आणि तिथल्या सरकारने २००८ मध्ये पॅलिएटिव्ह केअरचं धोरणच आणलं. आपल्या संघाने तेवढं करायचं ठरवलं तर काय काय लागेल, यावर मागच्या बाकांवर बराच वेळ कुजबुज चालली. (अजून चालूच आहे. समिती मात्र स्थापन झाली आहे.)

खाण्याबद्दल ते जे बोलले ते मला घरी कुणाला सांगताच येईना. अखेरच्या दिवसांत माणूस खात नाही म्हणून जात नसतो. जायला लागलेला असतो म्हणून खात नाही. तेव्हा नळी घालून भरवलं तर पोट फुगतं, छातीत कफ वाढतो. ओठ ओले ठेवावेत, तोंड स्वच्छ ठेवावं, घशात घरघर सुरू झाली तर कुशीवर वळवावं. ती घरघर ऐकणाऱ्याला जितकी छळते तितकी बहुतेक वेळा त्या माणसाला छळत नाही.

मग त्यांनी प्रत्येकाला कोरा कागद दिला. तुम्हाला बोलता येत नसेल तेव्हा तुमच्या वतीने डॉक्टरांशी कोणी बोलावं, एक नाव लिहा. सगळ्यांनी भराभरा लिहिलं. पुढचा प्रश्न, हे त्या व्यक्तीला माहीत आहे का? पेनं थांबली. माझ्या शेजारच्या काकूंनी मुलाचं नाव खोडून भाचीचं लिहिलं, मग तेही खोडलं. डॉक्टर म्हणाले, “फॉर्म मी देतो, त्यात अवघड काही नाही. अवघड काम आज घरी जाऊन करायचंय.”

मी घरी हा विषय कसा काढावा याचा विचार करत होते, तर बाबांनीच माझी वही मागून घेतली. ते आयुष्यभर हिशेबनीस होते, दुसऱ्याची वही तपासणं त्यांना आवडतं. वाचून झाल्यावर म्हणाले, “हे करून टाकू.” लगेच पॅड घेऊन त्यांनी पहिला मसुदा लिहिलाही: ‘मला फार त्रास देऊ नये. उगाच नळ्या घालू नयेत.’

संघाच्या वकीलबाईंनी तो वाचला आणि ‘फार’ व ‘उगाच’ या दोन्ही शब्दांखाली रेघ मारली. फार म्हणजे किती, उगाच म्हणजे केव्हा, हे रात्री दोन वाजता आयसीयूच्या दारात कोण ठरवणार? सूचना संदिग्ध असेल तर डॉक्टरांच्या मंडळाने त्या कागदावर विसंबू नये, असं निकालातच आहे. मग बाबांनी नीट लिहिलं. आजार बरा होणारा नाही असं डॉक्टरांचं मत असेल आणि मला स्वतःला निर्णय घेता येत नसेल, तर हृदय बंद पडल्यावर छाती दाबून ते पुन्हा सुरू करू नये. व्हेंटिलेटर नको, श्वासासाठीचा घट्ट मास्क म्हणजे बायपॅप नको, डायलिसिस नको, नाकातून नळी घालून भरवणं नको. वेदना आणि धाप यांवरचं औषध मात्र पुरेसं द्यावं, त्याने गुंगी आली तरी चालेल. शक्य असेल तर घरी न्यावं. छाती दाबण्याबद्दल त्यांनी सिस्टरांना फोन करून विचारलं होतं. या वयात बरगड्या मोडतात, हे सिस्टरांनी काही न लपवता सांगितलं.

नावाच्या रकान्यात त्यांनी वहिनीचं नाव लिहिलं. तिच्यानंतर माझं. दादाचं नाहीच.

त्या रात्री घरात जे झालं ते सगळं इथे लिहिणार नाही. दादा एवढंच म्हणाला, “मी मुलगा आहे.” बाबा म्हणाले, “म्हणूनच नको.” ऑपरेशनच्या आधी संमतीपत्रावर दादाने न वाचता सही केली होती. वहिनीने कागद परत मागून घेऊन सर्जनला विचारलं होतं, भूल कुठली देणार, हृदयाच्या डॉक्टरांनी बघितलंय का, ऑपरेशन नाही केलं तर काय होईल. बाबा स्ट्रेचरवर पडल्या पडल्या हे सगळं ऐकत होते. दादाचा जीव बाबांवर आहे यात शंकाच नाही, पण सलाईनची सुई टोचताना तो खोलीबाहेर जातो. ‘सगळं करा डॉक्टर’ याशिवाय त्याच्या तोंडून काही निघणार नाही, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. त्यालाही.

खरी अडचण वहिनीची होती. तिला हे काम नको होतं, आणि तिचं कारण पटण्यासारखं होतं. “उद्या थांबवा म्हणून मी सांगितलं, की सगळे म्हणतील सुनेने मारलं.” फॉर्ममध्ये या वाक्यावर उपाय नाही. बाबांनी तो त्यांच्या पद्धतीने काढला. एकेका नातेवाइकाला स्वतः फोन करून त्यांनी कागद वाचून दाखवला. आत्याला दोनदा, कारण पहिल्यांदा ती रडतच होती. दोन्ही काकांना, मामेभावाला. प्रत्येकाला शेवटी एकच वाक्य, “हे मी ठरवलंय, सुनेने फक्त सांगायचंय.” दादा त्या सगळ्या फोनच्या वेळी शेजारी बसून होता. शेवटच्या फोनला बाबा दमले तेव्हा उरलेला कागद त्यानेच वाचला. माझं मत विचाराल तर कुठला उपचार हवा-नको याच्या यादीपेक्षा हे फोन जास्त कामाचे. यादी डॉक्टरही करून देतील. कोणाच्या शब्दावर घरातले बाकीचे गप्प बसतील, हे फक्त ज्याचं त्यालाच ठरवता येतं, आणि तेही बोलता येतंय तोवरच. दोन नावं असतील तर त्यांचं जमलं नाही तेव्हा कोणाचं ऐकायचं, हेही लिहा, असं वकीलबाईंनी सुचवलं. वहिनीचं, असं लिहिलं.

साक्षीदार शक्यतो घराबाहेरचे असावेत, म्हणून संघातलेच दोघे आले. नोटरींच्या टेबलावर बसलेल्या टायपिस्टने कागद चाळून विचारलं, “मिळकतीचा तपशील कुठाय?” हे मृत्युपत्र नाही, हे समजावल्यावर तो उठून आत गेला. नोटरींनी असा कागद पूर्वी केला नव्हता. वाचायला ठेवून घेतो म्हणाले, आणि मला ते आवडलं, न वाचता शिक्का मारणारे काही कमी नाहीत. पुन्हा गेलो तेव्हा त्यांनी आम्हा सगळ्यांना बाहेर काढलं, बाबांना एकट्याला विचारायचं होतं. कोणी दबाव टाकलाय का, कागदाचा अर्थ समजलाय का, याची खात्री त्यांना करून घ्यावी लागते. बाबांना कमी ऐकू येतं. त्यामुळे “सुनेचा दबाव आहे का?” हा अत्यंत गोपनीय प्रश्न जिन्यापर्यंत ऐकू आला, आणि “ती माझं ऐकत नाही, दबाव कसला!” हे उत्तरही.

एक प्रत वहिनीकडे, एक माझ्याकडे, एक फॅमिली डॉक्टरांकडे, आणि एक स्थानिक स्वराज्य संस्थेने कागद जपून ठेवायला नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, म्हणजे कस्टोडियनकडे; महापालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायत जिथे जी असेल तिथे. पुढे कधी वेळ आली तर कागद खरा आहे का, हे रुग्णालय या अधिकाऱ्याकडून पडताळून घेतं. महाराष्ट्रात हे कस्टोडियन बरेच दिवस नेमलेच गेले नव्हते. मुंबईतल्या डॉ. निखिल दातार यांनी उच्च न्यायालयात जनहित याचिका केली, त्यानंतर नेमणुका झाल्या. आमच्या प्रभाग कार्यालयाच्या आवक-जावक खिडकीवर मात्र ही बातमी पोहोचली नव्हती. जन्म-मृत्यू नोंदणीकडे जा म्हणाले. तिथल्या बाईंनी विचारलं, मृत्यू कधी झाला? बाबा समोर वॉकर धरून उभे होते. अखेर आरोग्य अधिकाऱ्यांच्या खोलीत गेलो. त्यांना सगळं माहीत होतं, त्यांनी फाईल उघडून कागद घेतला आणि पोच दिली. जाताना खिडकीशी वाद घालत बसू नका, थेट आरोग्य अधिकाऱ्यांना विचारा.

पावसाळ्यात बाबांना न्यूमोनिया झाला. वहिनीने दाखल करतानाच कागदाची प्रत फाईलला लावली. ड्यूटीवरचा तरुण डॉक्टर ती वाचून म्हणाला, “म्हणजे आयसीयू नको ना? मग वॉर्डातच ठेवतो.” हा गैरसमज होणार, हे आम्हाला वर्गात सांगितलं होतं. वहिनीने शांतपणे समजावलं. बाबा शुद्धीवर आहेत, त्यांना विचारा. आजार बरा होणारा आहे, तेव्हा सगळे उपचार करा. हा कागद त्यांना बोलता येत नसेल आणि बरं होण्याची आशा नसेल तेव्हाचा आहे. शिवाय तशी वेळ आली तरी एकट्या डॉक्टरने ठरवायचं नसतं. उपचार करणारे डॉक्टर आणि किमान पाच वर्षं अनुभव असलेले दोन तज्ज्ञ असं एक मंडळ शक्यतो अठ्ठेचाळीस तासांत मत देतं, मग दुसरं मंडळ ते तपासतं. त्यावर जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांनी सुचवलेला डॉक्टर असतो. त्यानंतर न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवून मगच पुढचं पाऊल. दादा बाजूला उभा राहून हे ऐकत होता. तो मध्ये बोलला नाही.

ऑक्सिजन उतरत होता. बाबांना विचारून आयसीयूत बायपॅपचा मास्क लावला. दोन रात्री त्यांनी तो शिव्या देत सहन केला, अँटिबायोटिक लागू पडलं, आणि मास्क निघाला.

घरी आल्यावर थोडी ताकद येताच त्यांनी पॅड मागितलं. मास्कचं कलम त्यांना बदलायचं होतं. “वाटलं होतं तेवढं वाईट नाही ते. उपयोग होतोय का बघायला दोन-तीन दिवस लावला तर लावू दे, पुढे नको.” कागद शुद्धीत असताना केव्हाही बदलता किंवा रद्द करता येतो, पण लेखी, आणि बदलाला पद्धत पहिल्यासारखीच. म्हणजे पुन्हा साक्षीदार, पुन्हा नोटरी. या वेळी टायपिस्टने मिळकतीचं विचारलं नाही. बाबांनी मसुदा वाचून घेतला आणि वहिनीच्या व माझ्या नावाखाली तिसरं नाव घातलं, दादाचं. दादाने का म्हणून विचारलं नाही, वाचून सरळ आधार कार्डाची झेरॉक्स काढायला गेला.

नवी प्रत प्रभाग कार्यालयात दिली, जुनीवर ‘रद्द’ असा शिक्का मारून घेतला. फॅमिली डॉक्टरांकडची बदलली, वहिनीच्या फोनमधली बदलली. हॉस्पिटलच्या फाईलमध्ये लावलेली जुनी प्रत तेवढी राहिली आहे. त्यांचा रेकॉर्ड विभाग दुपारी एकपर्यंतच अर्ज घेतो, सोमवारी जायचंय.